पोच मागा, बाई

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमधल्या ६८ वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका लिहितात: "गेल्या काही दिवसांत चार गोष्टी झाल्या. ३ तारखेला किराणा दुकानात यूपीआयने १,८४० रुपये दिले. माझ्या खात्यातून गेले, दुकानदार म्हणाला आले नाहीत. मी रोख देऊन मोकळी झाले. आज १४ तारीख, पैसे परत नाहीत. वॉशिंग मशीन बिघडलं म्हणून इंटरनेटवर कंपनीचा नंबर शोधला, तर पलीकडचा माणूस फोनमध्ये एक ॲप घ्यायला सांगू लागला. मला शंका आली, मी फोन ठेवला. एका ॲपचे दरमहा २९९ रुपये कापले जातात, ते बंद करायची जागा सापडत नाही. ऑनलाइन मागवलेली साडी भलतीच आली, परत पाठवली, पैशांचं विचारलं की चॅटवर तेच ते वाक्य येतं. मुलगा परदेशात असतो. तो म्हणतो, आई, तू कशालाच हात लावू नकोस. मी फोनमधलं सगळं काढून टाकू का? विश्वास ठेवायचा तरी कशावर? आणि मला हे येत नाही म्हणूनच असं होतंय का?"

बाई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तोच तुम्हाला जास्त टोचतोय. नाही, तुम्हाला येत नाही म्हणून हे झालेलं नाही. पहिल्या प्रकारात दोन बँकांच्या मधे व्यवहार अडकला, नाहीतर दुकानदाराच्या नजरेतून सुटला. दुसऱ्यात एका ठगाने कंपनीच्या नावाची खोटी पाटी लावून ठेवली होती. तिसऱ्यात बंद करायची जागा जाणूनबुजून आडोशाला ठेवली आहे. चौथ्यात कंपनीने उत्तर द्यायला माणूसच ठेवलेला नाही. यातलं एकही तुमच्या हातून घडलेलं नाही, आणि जिथे प्रसंग तुमच्या हातात होता तिथे तुम्ही फोन ठेवलात. ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या पुण्यातल्याच कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये पळवले होते. त्यातली मोठी रक्कम बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून निघाली. ज्यांचं पोट या कामावर चालतं त्यांच्यावर ही वेळ येते. तेव्हा हा दोष स्वतःकडे घेऊ नका.

मी बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची ८ ग्राहकांच्या तक्रारींच्या विभागात. निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत बसते. माणसं फोन आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली पासबुकं घेऊन येतात. तुम्ही लिहिलेल्या चारही गोष्टी मी तिथे कितीतरी वेळा ऐकल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी माझा पहिला प्रश्न एकच असतो: पोच आहे का?

नोकरीला लागले तेव्हा आमच्या हेड कॅशिअरनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की काउंटरच्या आत कागद आला की बाहेर पोच गेली पाहिजे. पैसे भरले की स्लिपचा अर्धा भाग शिक्का मारून परत. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर सही आणि तारीख. माणूस शाखेतून निघायचा तेव्हा त्याच्या हातात काहीतरी असायचं, आणि त्याच्या जोरावर तो पंधरा दिवसांनी येऊन आम्हाला जाब विचारू शकायचा. बँकेवर लोकांचा विश्वास होता म्हणतात, तो इमारतीवर नव्हता. काही बिघडलं तर कोणाला, कुठे आणि कशाच्या आधारावर विचारायचं हे लोकांना माहीत होतं. आता काउंटर फोनमध्ये गेला. पोच मात्र कायद्याने आजही आहे. तिचं रूप बदललं आहे आणि ती मागून घ्यावी लागते. तुमच्या चारही प्रकरणांत मी तीच शोधणार आहे.

१,८४० रुपयांपासून सुरुवात करू, कारण तिथे घड्याळ चालू आहे.

यूपीआयचं ॲप उघडा, ३ तारखेच्या त्या व्यवहारावर बोट ठेवा. तिथे यशस्वी, अयशस्वी किंवा प्रलंबित यांपैकी काहीतरी लिहिलेलं असेल आणि १२ अंकी एक क्रमांक असेल. त्याला यूटीआर म्हणतात. हीच तुमची पोच. तो वहीत उतरवून घ्या आणि दुकानात जा. दुकानदाराला म्हणा, तुमच्या बँकेच्या ३ तारखेच्या जमेत हा क्रमांक शोधा. त्याने पैसे आले नाहीत असं सांगितलं ते बहुतेक त्या आवाज देणाऱ्या डब्याच्या भरवशावर. रेंज नसली की डबा बोलत नाही, पण पैसे खात्यात गेलेले असतात. माझ्याकडे येणाऱ्या या जातीच्या तक्रारींतल्या पुष्कळशा इथेच सुटतात. दुकानदार लबाड नसतो, त्याने नीट पाहिलेलं नसतं. रक्कम त्याच्याकडे सापडली तर तुम्ही दिलेली रोख त्याने परत करायची, मिटलं.

नाही सापडली तर पुढचा कागद रिझर्व्ह बँकेचा. २० सप्टेंबर २०१९ चं एक परिपत्रक आहे, त्यात अडकलेल्या व्यवहारांच्या मुदती ठरवून दिल्या आहेत. दुकानदाराला यूपीआयने पैसे दिले, खात्यातून वजा झाले आणि त्याच्याकडे पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत आले पाहिजेत. एका व्यक्तीच्या खात्यातून दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यात पाठवले असतील तर मुदत फक्त एका दिवसाची. मुदत उलटली की प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने मागायची वाट न पाहता द्यायची. एटीएममधून नोटा न येता खात्यातून रक्कम गेली, तिथेही ५ दिवस आणि रोजचे १०० हाच हिशेब. हा नियम माहीत असलेली माणसं मला फार थोडी भेटली, आणि भरपाई आपण होऊन मिळाली असं सांगणारी त्याहून थोडी. म्हणून मागायची.

एक बारीक गोष्ट बघून ठेवा. छोट्या दुकानांत आणि मंडईत कित्येकदा समोर चिकटवलेला क्यूआर व्यापाराचा नसतो, मालकाच्या स्वतःच्या बचत खात्याचा असतो. तसं असेल तर तुमचा व्यवहार व्यक्ती-ते-व्यक्ती धरला जाईल आणि मुदत एकाच दिवसाची होईल. दुकानदाराला विचारलंत तर तो सांगेल.

आता तक्रार. आधी ॲपमध्येच त्या व्यवहाराखाली मदतीचं किंवा तक्रारीचं बटण असतं, तिथे नोंदवा आणि आलेला क्रमांक लिहून घ्या. मग शाखेत कागद द्या. मराठीत लिहा, लांबण लावू नका. मी असा लिहिते: "मा. शाखाधिकारी यांस, माझ्या बचत खात्यातून ३ तारखेला यूपीआयने १,८४० रुपये वजा झाले. व्यवहार क्रमांक अमुक. रक्कम दुकानदाराच्या खात्यात जमा झालेली नाही व मला परतही मिळालेली नाही. ॲपवरील तक्रारीचा क्रमांक अमुक. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार रक्कम आणि मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये माझ्या खात्यात जमा करावेत व लेखी उत्तर द्यावे." दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. काउंटरवरची मुलगी म्हणेल, काकू, हे ॲपवरच करायचं असतं. तिच्यावर रागावू नका, तिच्यासमोर रांग असते आणि तिला वरून तेच सांगितलेलं असतं. शांतपणे म्हणा, "ॲपवर केली आहे, हा तिचा नंबर. ही प्रत तुमच्यासाठी, यावर मला पोच द्या." मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसले आहे म्हणून सांगते, पोच दिलेला कागद टेबलावर पडून राहत नाही. तो नोंदवहीत चढतो आणि त्याला उत्तर द्यावं लागतं.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. नोव्हेंबर २०२१ पासून सगळ्यांसाठी एकच योजना आहे, फी नाही, वकील लागत नाही. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे. बँकेकडे आधी तक्रार केल्याचा पुरावा मात्र तिथे पहिल्यांदा मागतात, म्हणून पुन्हा पोच. आणि एक जाता जाता: तुमच्या ठेवी एखाद्या पतसंस्थेत असतील तर तिथे हा लोकपाल चालत नाही. पतसंस्था सहकार खात्याकडे येतात. आपल्याकडे पेठांपासून उपनगरांपर्यंत लोक बँक आणि पतसंस्था एकाच श्वासात म्हणतात, म्हणून सांगून ठेवलं.

आता तो वॉशिंग मशीनवाला. तुम्ही फोन ठेवलात ते किती मोठं होतं ते सांगते. तो जे ॲप घ्यायला सांगत होता ते बहुधा तुमच्या फोनचा पडदा त्याला दाखवणारं होतं. एकदा ते सुरू झालं की तुम्ही पिन दाबताना तो पाहतो, ओटीपी आला की तो वाचतो. अशा वेळी "सर्व्हिस बुक करायला फक्त ५ रुपये भरा" असं ते सांगतात. त्या ५ रुपयांना कोणी घाबरत नाही, पण ते भरताना दाबलेला पिन त्यांना हवा असतो.

इंटरनेटवर कंपनीचं नाव आणि कस्टमर केअर असं शोधलं की जे नंबर वर येतात, त्यांतले काही ठगांनी पेरलेले असतात. कोणीही पाटी लावू शकतो आणि शोधयंत्र ती दाखवतं. आपल्या जुन्या दुकानांवर "आमची कोठेही शाखा नाही" अशी पाटी असायची, काही ठिकाणी अजून आहे. लोक त्यावर हसतात. मला ती फार मोलाची वाटते. काही वाईट निघालं तर याच पायऱ्या चढून या, आम्ही इथेच आहोत, आणि आमचं नाव सांगणारा दुसरा कोणी आमचा नाही, असं ते दुकान गिऱ्हाइकाला लिहून देत असतं. फोनवर या पाटीची जागा घेणाऱ्या चार-पाच खुणा आहेत, तेवढ्या घट्ट धरा.

यंत्र बिघडलं तर नंबर यंत्रावरच्या स्टिकरवरून, बिलावरून किंवा वॉरंटी कार्डावरून घ्या. बँकेचा नंबर कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेला असतो. बँकांच्या वेबसाइटचा पत्ता रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने आता "डॉट बँक डॉट इन" असा संपतो, आणि ते शेपूट फक्त बँकांनाच मिळतं. सरकारी कामाचा पत्ता "डॉट गव्ह डॉट इन" असा संपतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नव्या नंबरपाट्या बसवायची धावपळ झाली तेव्हा खोट्या साइट निघाल्या होत्या, आणि आमच्या सोसायटीतल्या दोघांनी तिथे पैसे भरले. साइटचा रंग, चिन्ह, सगळं अगदी तसंच होतं. पत्त्याचं शेपूट तेवढं वेगळं होतं. बँका आणि विमा कंपन्यांच्या कामाच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर राखून ठेवले आहेत. आणि "आज रात्री वीज तोडली जाईल", "गॅसचं बिल अपडेट करा", "गाडीचं चलन बघा" असा निरोप साध्या १० अंकी मोबाइलवरून आला तर तो महावितरणचाही नाही, गॅस कंपनीचाही नाही आणि पोलिसांचाही नाही. त्यासोबत आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असेल तर तिला हात लावू नका, मग ती लग्नाची पत्रिका म्हणून का आलेली असेना. ती फाइल म्हणजे एक ॲप असतं. परवानगी मिळाली की ते तुमचे एसएमएस वाचतं आणि ओटीपी परस्पर चोराकडे पोचवतं.

एकच वाक्य पाठ करायचं असेल तर हे करा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन दाबला की पैसे आपल्याकडून जातात, येत कधीच नाहीत.

इथे मला एका गृहस्थांबद्दल सांगायचं आहे. आमच्या संघातलेच, ७४ वर्षांचे, आयुष्यभर मोठ्या कारखान्यात इंजिनिअर, फोन-कॉम्प्युटर आमच्यापेक्षा कितीतरी चांगला येणारे. त्यांना व्हिडिओ कॉल आला. समोर पोलिसी गणवेश, मागे भिंतीवर बोधचिन्ह. तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमकार्डाने गुन्हा झाला आहे, तुम्ही डिजिटल अटकेत आहात, कॅमेरा बंद करायचा नाही, कोणाशी बोलायचं नाही. हे गृहस्थ दोन दिवस एका खोलीत बसून होते. जेवण नाही, झोप नाही. स्वच्छतागृहात जातानासुद्धा फोन सोबत. मुदत ठेव मोडायची तयारी झाली होती. शेजारच्या वहिनींना त्यांच्या दाराच्या कडीला दोन दिवसांच्या दुधाच्या पिशव्या तशाच लटकलेल्या दिसल्या. त्यांनी बेल वाजवली, दार उघडेना, मग जोरात हाका मारल्या. त्या हाका फोनमधल्या माणसाला ऐकू गेल्या आणि त्याने कॉल तोडला.

भारतातल्या कुठल्याही कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्ट नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरून हे देशाला सांगितलं होतं, आणि या गृहस्थांनी ते ऐकलंही होतं. तरी दोन दिवस ते उठू शकले नाहीत. मी नंतर त्यांच्याशी बराच वेळ बोलले. ते म्हणाले, "मला अधूनमधून वाटत होतं की हे खोटं असावं. पण खरं असलं तर, आणि मुलाला कळलं तर, या विचाराने हात थांबला." बाई, माणूस तिथे अडकतो. ठगाला तुमचं अज्ञान लागत नाही, तुमचा संकोच पुरतो. म्हणून मी ओळखायची खूण अशी सांगते: खरं कार्यालय तुम्हाला नंबर देतं, तारीख देतं आणि घरच्यांना घेऊन या म्हणतं. खोटं कार्यालय घाई देतं आणि कोणाला सांगू नका म्हणतं. "कोणाला सांगू नका" हे शब्द कानावर पडले की फोन ठेवून शेजारची बेल दाबायची.

आणि समजा, एखाद्या दिवशी पैसे गेलेच. तर लाज वाटायच्या आत १९३० लावा. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर आहे. खाते क्रमांक, यूटीआर, रक्कम, वेळ एवढं सांगायचं. तिथे नोंद झाली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला आणि तिथून पुढे गेले असतील तर त्याच्या पुढच्या बँकेला सूचना जाते, आणि तिथे जे शिल्लक असेल ते गोठवलं जातं. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाहीत, ते भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पुढे पुढे ढकलून रोख काढतात. म्हणून पहिला तास मोलाचा. संध्याकाळी मुलाला विचारून मग बघू, असं केलं तर गोठवायला काही उरलेलं नसतं. फोनमध्ये एपीके शिरल्याची शंका असेल तर इंटरनेट बंद करा, सिम काढा आणि दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा. बँकेला कळवल्याचाही नंबर घ्या. गोठवलेली रक्कम परत मिळवायला पुढे काही वेळा न्यायालयाचा आदेश लागतो, त्यात महिने जातात. हे आधीच सांगते, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटणार नाही.

कळवायच्या वेळेला इतकं वजन का, तेही सांगते. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात लिहिलं आहे की चूक तुमची नसेल, बँकेचीही नसेल, यंत्रणेत तिसऱ्याच कोणी शिरून पैसे काढले असतील, आणि बँकेचा निरोप मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमचं नुकसान शून्य. ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमचा वाटा मर्यादित. बँकेने तक्रारीनंतर १० कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम तात्पुरती जमा दाखवायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर. ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः दिलात तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून चूक झाली असली तरी कळवायचं. चूक झाली असेल तर जास्तच लवकर.

२९९ रुपयांचं काम सोपं आहे. ॲपमध्ये बंद करायचं बटण शोधत बसू नका. पैसे यूपीआयमधून जात असतील तर यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे नावाचा भाग असतो, तिथे सगळ्या चालू परवानग्यांची यादी दिसेल, तिथेच रद्द करा. कार्डावरून जात असतील तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत सांगून ती परवानगी काढून टाका. ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमाने रक्कम कापायच्या २४ तास आधी तुम्हाला निरोप यायलाच हवा आणि त्यात नको म्हणायची सोय हवी. तो निरोप तुमच्या एसएमएसच्या गर्दीत असणार, शोधा. अशा लपवालपवीला सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत १३ प्रकारांत मोडलं आहे, त्यातला वर्गणीचा सापळा हा एक. म्हणजे तुम्हाला ते बटण सापडलं नाही याला कायद्यात नाव आहे आणि दोष कंपनीचा आहे.

साडीसाठी चॅटवर वेळ घालवू नका. ते यंत्र आहे, त्याला दिलेली चार वाक्यं तेच फिरवून म्हणणार. साइटच्या तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतं. ते दाखवणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक केलं आहे. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायची. ऑर्डर क्रमांक, आलेल्या साडीचा फोटो आणि परत पाठवल्याची पावती जोडून पाच ओळींचा ईमेल करा. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथे तक्रार नोंदवली की कंपनीकडे पाठवतात, आणि बऱ्याच कंपन्या त्या टप्प्यावर हलतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणात फी नाही, तक्रार ऑनलाइन भरता येते. आणि २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथे दाद मागता येते. कंपनीचं कार्यालय बंगळुरूला असो की गुरुग्रामला, त्यांनी पुण्याला यायचं. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये याच शहरात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा देशात ग्राहक संरक्षण कायदाच नव्हता, तो १९८६ मध्ये आला. माझ्या आईची पिढी तराजूतल्या मापासाठी भांडली, आपण साडीच्या परताव्यासाठी भांडू. एका साडीसाठी कुठे एवढं, असं मनात येईल. कंपन्यांचा हिशेब नेमका त्या वाक्यावर बसवलेला असतो.

राहिला मुलाचा सल्ला. त्याची काळजी खरी आहे, पण सगळं काढून टाकलंत तर त्रास तुम्हालाच. गॅस, वीज, औषधं, रिक्षा, सगळं त्या फोनवर आलंय. त्याऐवजी एक करा. मी माझं स्वतःचं असंच ठेवलंय. पेन्शन आणि ठेवी ज्या खात्याशी जोडलेल्या आहेत, ते खातं यूपीआयला जोडू नका. दुसऱ्या बँकेत छोटं बचत खातं उघडा, त्यात महिन्याला लागतील तेवढे, ८-१० हजार ठेवा आणि फोन फक्त त्याला जोडा. काही झालं तर नुकसान तिथेच थांबतं आणि हात थरथरत नाही. आधार ॲपमधून बोटांचे ठसेही कुलूपबंद करून ठेवता येतात, म्हणजे आधारच्या अंगठ्यावर कोणी पैसे काढू शकत नाही. लागेल तेव्हा उघडता येतात. ते शनिवारी मी करून देईन.

मुलाला हे उत्तर वाचायला द्या आणि माझ्या वतीने त्याला सांगा: आईला "हात लावू नकोस" म्हणू नका. तिला म्हणा, कोणत्याही वेळी, रात्री दोनला, काही विचित्र वाटलं तर मला फोन कर, मी रागावणार नाही. ते शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे. आमच्या त्या इंजिनिअर गृहस्थांना ते आधी कोणी म्हटले असते तर ते दोन दिवस त्या खोलीत बसले नसते.

तुम्ही ३ तारखेला पैसे दिलेत. दुकानाचा क्यूआर व्यापाराचा आहे असं धरलं तर मुदत ८ तारखेला संपली. ९ पासून आज १४ पर्यंत ६ दिवस झाले. अर्जात १,८४० आणि वर ६०० असं लिहा. आज शाखा बंद झाली असेल आणि उद्या जाणार असाल, तर ७०० लिहा.